पाच नंबरवरची शांतता

आमचा ठोक्या इतका बहिरा, की एकदा त्याच्या पाठीमागे गोदामाचं छप्पर कोसळलं तर हा वळून म्हणाला, "दार कोण वाजवतंय?" खोटं वाटतंय? वाटू दे. सगळे मला थापाड्या म्हणतात, त्यानं माझ्या अंगाला भोकं पडत नाहीत. एकदाच पडली.

आम्ही दोघं बॉयलरच्या कारखान्यातले. मी गेटवर बसून गप्पा हाणायचो, म्हणून माझे कान शाबूत. तो बॉयलरच्या पोटात बसायचा आणि बाहेरून घण पडायचे. तिथं एकच कायदा होता: आवाज चालू आहे तोवर सगळं ठीक. आवाज थांबला की माणसं धावत सुटायची, कारण काहीतरी फुटलेलं असायचं नाहीतर कुणीतरी चिरडलेलं.

वहिनींच्या, म्हणजे ठोक्याच्या बायकोच्या, हृदयाची झडप निकामी झाली. डॉक्टरांनी त्याच्या कानाशी ओरडून सांगितलं, "वय झालंय, भरवसा देता येत नाही. ऑपरेशनला आत नेण्याआधी दोन मिनिटं भेटू देऊ. बोलायचं ते तेव्हा बोलून घ्या."

ठोक्याला जगात तेवढी दोनच मिनिटं हवी होती. मला म्हणाला, "चाळीस वर्षं ती बोलली आणि मी हं हं केलं. आज ऐकायचंय."

प्रतीक्षागृहातल्या खिडकीपाशी बसलेल्या सिस्टरनं त्याला एक डबी दिली. बिनतारी. डबीला वायरनं जोडलेली दोन बोंडं कानात घालायची, की बाहेरच्या गोंगाटाला सुट्टी. इमारतीत जिथं जिथं माईक आहे तिथला आवाज मोठा होऊन थेट कानात. दालन बदलायला चकती. सिस्टरनं ती पाचवर लावली. "आजोबा, हे प्रतीक्षागृह. हलवू नका." आणि मग म्हणाली, "पुकारायचं असेल तेव्हाच आवाज येईल, एरवी शांत." पण तोवर बोंडं कानात गेली होती.

मी खाली चहा आणायला गेलो.

पाचवर चिटपाखरू नाही. ठोक्या बसला, घामेजला. शांत म्हणजे बिघडलं! त्यानं कारखान्यातल्यासारखी चकती फिरवत नेली आणि जिथं कुणीतरी खणखणीत बोलत होतं तिथं थांबला. ते वरच्या मजल्यावरचं सभागृह होतं. डॉक्टरलोकांची बैठक चालली होती आणि एकजण जुनी केस समजावून सांगत होता.

मी चहा घेऊन आलो तर ठोक्या जमिनीवर बसलेला, खुर्चीचा पाय घट्ट धरून.

"गेली," तो म्हणाला.

चहा माझ्या पायावर सांडला. मी खिडकीकडे पळालो. सिस्टर माझ्यावरच उखडली, "कुठं होतात? दोनदा पुकारलं, ते समोर बसून हलले नाहीत! बाई शुद्धीवर आहेत, ट्रॉली निघालीय. थिएटर कुणासाठी थांबत नाही."

मी परत धावलो. त्याच्या कानातलं एक बोंड उपटून ओरडलो, "अरे जिवंत आहे! ऊठ!"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. डोळे कसे, तर विझलेल्या भट्टीसारखे. "डॉक्टरनं सांगितलं. सत्तरीची बाई. झडप. टेबलावरच गेली. आता नको रे थापा मारूस. आजतरी नको."

"आईशपथ खरं सांगतोय!"

"छपराची गोष्टही तू आईशपथच सांगतोस."

मी ते बोंड माझ्या कानात कोंबलं. आत कुणीतरी म्हणत होतं, "आता चहासाठी थांबू या."

ठोक्यानंही ऐकलं. "बघ. ती गेली नि हे चहा पिणार."

मी चकती पाचवर आणली. शांतता.

"बंद पडलं," तो म्हणाला, कानातलं बोंड काढून टाकलं आणि खुर्चीच्या पायाला डोकं टेकलं. मी दंडाला धरून ओढलं, पण बॉयलर हलवणारा गडी, तो माझ्यानं कसला हलतो! आयुष्यभर रचून रचून सांगितलेल्या गोष्टी लोकांनी मिटक्या मारत ऐकल्या, आणि एकुलती एक खरी गोष्ट पडून राहिली. मी भर प्रतीक्षागृहात रडत सिस्टरपुढं हात जोडले, "बाई, तुमचा माईक वहिनींपाशी न्या. त्यांना बोलायला सांगा. माझं तो ऐकणार नाही."

सिस्टर भली. माईक घेऊन पळत सुटली.

मी ठोक्याच्या कानात बोंड परत घातलं, दुसरं माझ्या. शांतता. आणखी शांतता. मग चाकांची खडखड, आणि धाप लागलेला बारीक आवाज:

"अहो, कुठं राहिलात? त्या थापाड्या भावजींचं काही ऐकत बसू नका. इकडे या."

ठोक्या उठला तो डबी, वायर आणि मला फरपटत. थिएटरच्या दारापर्यंत बारा पावलं असतील, ट्रॉलीबरोबर तो ती चालला. वहिनी काय बोलल्या? माझ्या कानातलं बोंड तेव्हा निसटलं होतं, आणि या एका बाबतीत मी काही रचणार नाही.

दार मिटलं.

आम्ही परत येऊन बसलो. चकती पाचवर. ठोक्याची बोटं दोनदा तिच्याकडे गेली, दोनदा त्यानं मूठ आवळली. बऱ्याच वेळानं त्यानं एक बोंड माझ्यापुढं केलं.

"ऐक. अजून शांतच आहे ना?"

मी ऐकलं.

"शांतच आहे," मी म्हणालो.

त्यानं माझ्यावर विश्वास ठेवला.