जनकाबाईचा चेंडू

थोरल्या लेकीचं, पूजाचं लग्न झालं आणि पाहुणे पुरते पांगलेही नव्हते, तोच जनकाबाईला लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. तेव्हापासून घरासमोरचं, जळक्या मोटारींना नवी तार गुंडाळून द्यायचं मोटार वायंडिंगचं दुकान बंद ठेवून तिचा नवरा ग्यानोबा तिच्या बाजेपाशी बसला होता.

“पानी देऊ? कूस बदलू? पंखा कमी करू?”

जनकाबाईनं डोळे मिटून घेतले.

“भाभीला बोलता आलं असतं तर पयली शिवी तुलाच बसली असती,” शेजारचा जमील टेलर दारातून म्हणाला.

“तू आपली कैची चालव.”

धाकटी सपना खाली मान घालून वायरींत गुंतली होती. पुण्याच्या सॉफ्टवेअर कंपनीचं काम ती बाळापुरातूनच करायची. हे मात्र आईसाठी चाललं होतं. आईच्या डाव्या मुठीत रबरी चेंडू, त्याची वायर पत्त्यांच्या कॅटाएवढ्या संगणकात. चेंडू दाबला की घंटी वाजायला हवी होती. ती मनात येईल तेव्हा वाजे.

“काहून वाजंना गं?”

“बाबा, संगणकाच्या आत गाभा असतो. कर्नेल म्हणत्यात त्याला. वायर त्याच्या ताब्यात. माझा घंटीचा प्रोग्राम बाहेरचा, त्याला वायरीला हात लावायची परवानगी न्हाई. म्हणून मी गाभ्यात एक तुकडा बसवला. मॉड्यूल. बाहेरच्यानं येऊन इचारायचं, आतल्यानं सांगायचं.”

“मंग इचारत न्हाई का त्यो?”

“लई इचारतो. ‘दाबलं का, दाबलं का’ करतो, आन् त्यातच बॅटरी उतरते. लाइट गेली की बंद. दम घेऊन इचारायला लावलं, तर आईचा हलका दाब मधीच येऊन जातो.”

ग्यानोबाला पटलं की नाही कोण जाणे. तो बायकोकडे वळला. “च्या देऊ?”

जनकाबाईनं पुन्हा डोळे मिटले. सपनाचा हात थांबला.

“बाबा, जरा गप ऱ्हा.”

“आता मी काय केलं?”

“तुमी सारखं इचारून राहिले. तिला काही सांगायला जागाच न्हाई. तुमी आन् माझा प्रोग्राम, दोघं एकाच वळणाचे.”

ग्यानोबाचं तोंड एवढंसं झालं. सपना मात्र लगेच कामाला लागली. बाहेरच्यानं एकदा येऊन सांगायचं, मी हितं हाय, आणि खुशाल झोपायचं. आतल्या तुकड्यानं दाब टिपायचा, जपून ठेवायचा, मग बाहेरच्याला उठवून त्याच्या हाती द्यायचा. संध्याकाळपर्यंत ते बसलं.

“आन् तुमी बी असंच करायचं,” ती बापाला म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ग्यानोबा बाजेपाशी तोंड शिवून बसला. जळक्या मोटारींपुढे उभा जन्म गेला, पण एवढं जड काम त्यानं केलं नव्हतं. घंटी वाजेना.

“मेलं का काय तुजं यंत्र?”

“झोपलंय. झोपू द्या.”

आणि घंटी वाजली.

ग्यानोबा ताडकन उठला. पाणी, पंखा, चहा, सगळं ओठांवर आलं. त्यानं ते गिळलं आणि फक्त बायकोकडे पाहिलं. जनकाबाईचे डोळे उघडे होते. ते खुंटीकडे लागले होते. खुंटीवर दुकानाची किल्ली.

“दुकान उघडू म्हन्ती?”

घंटी पुन्हा वाजली.

दारात जमील टाळी वाजवून हसला. “अरे भौ! तोंड मिळालं न्हाई तोच भाभीनं तुला घराबाहेर काढलं!”

जनकाबाईचा अर्धा चेहरा हसला. ग्यानोबानं किल्ली घेतली आणि जाताना, फारा दिवसांनी, काहीएक न विचारता तिच्या केसांवरून हात फिरवला.

मग दुकानातून त्याला घंटी ऐकू यायची. दुपारी जेवायला, दिवेलागणीला घरी, आणि कधीकधी उगीच. उगीच वाजली तरी तो हातातली तार ठेवून यायचा, क्षणभर बसायचा.

तो चेंडू आता जमीलच्या घरी, बाजेवर पडून असलेल्या त्याच्या अम्मीच्या मुठीत आहे. सपनानं जाऊन बसवून दिला. घंटी वाजली की ग्यानोबाचंही डोकं वर होतं.

जनकाबाई गेल्या वर्षी बुद्ध पौर्णिमेच्या आदल्या दिवशी सकाळी वारली.