माझा हरवलेला पाऊण इंच

मी एक जुना टेप आहे. गाणी वाजवणारा नव्हे, मित्रांनो, मोजमापाचा. गोल कातडी डबीत गुंडाळलेली तीस फुटांची कापडी पट्टी, तिच्या टोकाला पितळी कडी आणि मला आत ओढून घेणारी एक लहानशी मूठ, एवढाच माझा संसार. आकडे पुसट झाले आहेत आणि मूठ फिरवली की सगळे अंग कुरकुरते. थकलो आहे, पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला चैन पडायची नाही.

माझे साहेब इमारतींचे नकाशे काढीत. एका सुतासाठी, म्हणजे इंचाच्या आठव्या भागासाठी, ते गवंड्यांशी तासभर हुज्जत घालत; म्हणून कचेरीत त्यांचे नावच 'सूतभर' पडले होते. "सूतभरचं माप डोळे मिटून घ्यावं," असे मोठे साहेब म्हणाले की खिशातल्या खिशात माझीही छाती फुगे. कौतुक कोणाला नको असते?

एकदा माझी कडी निसटली. साहेबांच्या बायकोने ती शिवून दिली. टोक विरले होते, म्हणून तिने आधी तेवढे कापून टाकले आणि मग इतकी सुबक शिवण घातली की कुणाला पत्ता लागू नये. माझा पहिला पाऊण इंच केरात गेला. मला कळत होते, पण टेपला बोलता कुठे येते!

दुसऱ्याच दिवशी साहेब मला घेऊन एका दूरच्या शहरात गेले. तिथे नव्या वाचनालयाचा नुसता सांगाडा उभा होता. परतीची बस गाठायची होती. त्यांनी घाईघाईने दोन मजल्यांमधली उंची मोजली, आणि मी ती पाऊण इंच जास्त दाखवली. त्याच मापाने कारखान्यात लोखंडी जिना तयार झाला. उद्घाटनाच्या तोंडावर तो बसवताना फिटरचा फोन आला, "साहेब, शेवटची पायरी बुटकी पडतेय. वरचा मजला लवकर येतोय."

"माझं माप चुकत नाही. बसवा," साहेब म्हणाले आणि फोन ठेवला.

त्या फोननंतर आठवड्याने घरची खिडकी मोजायला मला काढले, तेव्हा बायको सहज म्हणाली, "अहो, याचं टोक मी थोडं कापलंय बरं का. सांगायचं राहिलंच." साहेबांनी कडीजवळचे आकडे पाहिले; पहिला पाऊण इंच नव्हताच. तोवर जिना पक्का झाला होता, वाचनालयाचे उद्घाटनही उरकले होते. साहेब गप्प राहिले. बायकोलाही काही बोलले नाहीत. नवा पोलादी टेप आला आणि मी कपाटात गेलो. त्या शहराचा विषय निघाला की साहेब तो बदलत. अशी एकतीस वर्षे गेली.

"नव्या इमारती बघायच्या म्हणता ना, मग त्याच शहरात या एकदा जाऊन," शेवटी बायकोच म्हणाली. "माझे गुडघे काही साथ द्यायचे नाहीत." साहेब एकटेच निघाले. सोबत चार इमारतींची यादी होती, वाचनालय अगदी तळाला. निघताना त्यांनी पोलादी टेप बाजूला सारून मला खिशात टाकले.

सकाळी काचेचा उंच मनोरा पाहिला. सगळे मान वर करून बघत होते. साहेब काच आणि चौकट यांच्यातला सांधा बघत होते. मग काँक्रीटचे संग्रहालय. तिथे साच्याच्या लाकडी फळ्यांचे वळ भिंतीवर मुद्दाम तसेच ठेवले होते. साहेबांनी त्यांवरून हात फिरवला. दुपारी पांढऱ्या कमानींचे स्टेशन झाले. जिथे जिना दिसेल तिथे साहेब चढत आणि उतरत. सगळ्या पायऱ्या सारख्या होत्या, आणि प्रत्येक जिन्यागणिक साहेब अधिकच थकत होते. बूट चावत होते. वाचनालय दोन चौकांवर होते. साहेब पाच चौकांचा वळसा घालून गेले.

जिना सुंदर होता, हे मलाही मान्य करावे लागेल. वरून उजेड उतरत होता आणि त्यातून तो हलकेच वळत वर जात होता. साहेब कठड्याला धरून चढले. सगळे ठाऊक असूनही शेवटच्या पायरीला त्यांचा पाय धपकन पडला आणि तोल गेला.

"जपून काका! शेवटची फसवते," वरच्या टेबलामागून रखवालदार बाई म्हणाल्या. "दिवसातून शंभरदा सांगते मी हे."

"कोणी पडलं का कधी?"

"पडतात की. पहिल्या वर्षी मीच पडले, पुस्तकांचा गठ्ठा घेऊन." बाईंनी मनगट पुढे केले. हाड वाकडे जुळले होते. "थंडीत अजून ठणकतं. कोणी केला हा जिना, देव जाणे!"

खिशात साहेबांची मूठ माझ्याभोवती आवळली. 'टेप खराब होता' एवढे म्हटले असते तरी भागले असते, आणि ते खोटेही नव्हते. मी त्याचीच वाट बघत होतो.

"मी केला," साहेब म्हणाले. "माप माझं चुकलं. फिटर सांगत होता, मी ऐकलं नाही."

बाईंनी मनगट मागे घेतले. "आणि आज येताय?"

 साहेब त्याच पायरीवर बसले.

"आता बसून काय राहिलात?" बाई म्हणाल्या. "टेप असेल तर काढा. मोजा नीट."

त्या दुखऱ्या हातानेच बाई माझी कडी धरायला गेल्या. "कडीला नको," साहेब म्हणाले, "एक इंचाच्या खुणेवर धरा." शेवटची पायरी मोजली, मग तिच्या खालची. फरक पाऊण इंच, सुताचीही चूक नाही. साहेबांनी कागद काढला आणि मजल्याच्या कडेला बसवायच्या, पुढे पाऊण इंच जाड आणि मागे उतरत जाणाऱ्या फळीचा नकाशा काढला. खाली लिहिले, 'ही चूक माझी.' सही केली, पत्ता दिला.

"वरिष्ठांना देते," बाई म्हणाल्या. "पण सुतार येईल तेव्हा तुम्ही यायचं. माप मी घेणार."

"येईन," साहेब म्हणाले.

त्या कागदावर माझे नाव कुठेच नव्हते. मित्रांनो, आम्ही जुनी अवजारे झिजतो, तुटतो. हाती घ्याल तेव्हा आधी आमचे टोक बघत जा. आणि कोणी सांगितले की पायरी कमी पडतेय, तर फोन ठेवू नका. फळी बसेल, जिना सरळ होईल. बाईंचे मनगट मात्र आता कशानेच सरळ व्हायचे नाही.