त्रेसष्टाव्या पानावरचे सहा आकडे

मी एक प्रयोगवही आहे. कारंज्याच्या एका कॉलेजात, रसायनशास्त्राच्या कपाटात राहते. माझ्यातून जो शोधनिबंध निघाला त्याचं कौतुक खूप झालं. आता माझंही ऐकून घ्या, कारण मला राग आलेला आहे.

माझी मालकीण समीक्षा. इंझोरीच्या भगवंतरावांची मुलगी. वडील भाजीपाला पिकवतात. ती कॉलेजात नवी लागली, नोकरी अजून कायम नव्हती. मानोऱ्याकडच्या तांड्यांवर फिरून तिने एक्केचाळीस हातपंपांचं पाणी बाटल्यांत भरून आणलं. रोज दुपारी ती ते तपासायची आणि निघालेला आकडा माझ्यात लिहायची. अक्षर ठसठशीत, खाडाखोड नाही. मला तिचा अभिमान होता.

त्रेसष्टाव्या पानावर सहा आकडे भलतेच मोठे निघाले. त्यांतल्या एका पंपाच्या पाण्यात लिटरला चार पूर्णांक दोन मिलिग्रॅम फ्लोराइड. दीडच्या पुढे गेलं की दातांवर डाग पडतात, हाडं वाकतात. समीक्षाने तीनदा तपासलं. दर वेळी तेवढंच निघालं.

विभागप्रमुखांना मात्र पाण्याशी देणंघेणं नव्हतं. त्यांना साध्या, स्वस्त चाचणीवरून फ्लोराइडचा अंदाज सांगणारं सूत्र मांडायचं होतं.

"मॅडम, हे सहा बिंदू आलेख बिघडवतात," ते म्हणाले. "वगळून टाका. रेष कशी सरळ बसते बघा."

"पण सर, तिथे लोक पाणी पितात."

"तो विषय वेगळा. आणि तुमची कायम होण्याची फाईल माझ्याकडेच आहे ना?"

समीक्षाने मला त्यांच्यापुढे सरकवलं. त्यांनी लाल पेनाने माझ्या सहा आकड्यांवर रेघ मारली. निबंध परदेशी नियतकालिकात छापून आला. पहिलं नाव त्यांचं, दुसरं तिचं.

दुसऱ्या कुणी आपल्या लेखनात निबंधाचा उल्लेख केला की त्याला संदर्भ मिळाला म्हणतात. जितके संदर्भ, तितका मान. पाच वर्षांत दोनशे चौदा झाले. शाल-श्रीफळ झालं, फलकावर आकडा लागला. समीक्षा कायम झाली. त्या दोनशे चौदा विद्वानांपैकी एकानेही विचारलं नाही, की बाबांनो, मूळ वही दाखवता का? मी ॲसिडच्या बाटल्यांखाली कुजत होते. एकाने दुसऱ्याचं वाचून उतरवलं, तिसऱ्याने त्याचं. याला अभ्यास म्हणायचं?

मग एक दिवस चंदा आली. तांड्यावरची बाई, चेहऱ्यावर उन्हाचा थकवा.

"म्याडम, तुमी आमच्या पंपाचं पानी बाटलीत नेलं होतं. काय निंगालं ते सांगतलंच नाही," ती म्हणाली. "पंचायतीच्या सायबानं सभेत कागद वाचला. पानी साफ कराची मशीन आनाची गरज नाही म्हने, तुमच्या कॉलेजच्या सूत्रानं पानी चांगलं हाय. मंग माह्या सासूचे गुडघे काहून वाकून राह्यले?"

समीक्षाने मला बाहेर काढलं. लाल रेघेखालचा तिच्या पंपाचा आकडा वाचून दाखवला, चार पूर्णांक दोन.

चंदाने त्या रेघेवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "हे तवाच माहीत होतं तुमाले?"

"हो. तेव्हाच."

समीक्षाने दिलेला पाण्याचा पेला टेबलावर तसाच ठेवून चंदा निघून गेली.

त्याच आठवड्यात समीक्षाने माझ्या पानाचे फोटो ग्रामपंचायतीला दिले आणि नियतकालिकालाही पाठवले. लिहिलं, "निबंध चुकीचा आहे, मागे घ्या. दोष माझाही आहे." विभागप्रमुख धावत आले. "तुमची प्रोफेसरपदाची मुलाखत तोंडावर आहे. तुमचे सगळे संदर्भ जातील, कळतंय का?"

"कळतंय, सर."

आठ महिन्यांनी निबंध मागे घेतला गेला. समीक्षाच्या नावावर नऊ संदर्भ उरले. तिची बढतीची फाईल परत आली. विभागप्रमुखांनी दुसऱ्या कॉलेजात प्राचार्यपद मिळवलं. आणि निबंधावर 'मागे घेतला' असा शिक्का असताना गेल्या महिन्यापर्यंत आणखी अकरा जणांनी त्याचा आधार घेतला. शिक्कासुद्धा वाचत नाहीत हे लोक. कुणाचा आधार घेण्याआधी त्याची वही मागा, एवढीच माझी विनंती आहे. आम्ही कुठे पळून जात नाही.

तांड्यावरचा तो पंप बंद झाला. दूरच्या विहिरीवरून नळ आला. परवा समीक्षा मला पिशवीत घालून तिकडे गेली, नळाचं पाणी तिथेच तपासलं आणि माझ्या शेवटच्या पानावर आकडा लिहिला. चंदाची सासू रुखमाबाई काठी टेकत जवळ आली. तिला वाचता येत नाही.

"काय लिवलं, ते पयले मले वाचून दाखव," ती म्हणाली. "मंग तुले छापाचं तिथं छाप."

समीक्षा तिच्याजवळ मातीत बसली आणि तिने वाचून दाखवलं, "शून्य पूर्णांक सहा."

"म्हंजे?"

"म्हणजे प्यायला चालेल, आजी."

रुखमाबाईने ते पुन्हा एकदा वाचायला लावलं.