डाव्या चाकाचा आवाज

महेश्वरी मॅडमची पांढरी गाडी फाटकातून आत येताना दिसली आणि तिप्पण्णाने हातातला पाना खाली ठेवला. दोन महिन्यांतली ही तिसरी खेप. पुढच्या डाव्या चाकाकडून वळताना आवाज येतो, हीच तक्रार. मागच्या दोन्ही वेळा त्याने गाडी जॅकवर चढवून चाक हलवून पाहिलं होतं आणि जुन्या गाडीत आवाज यायचाच, असं सांगून त्यांना वाटेला लावलं होतं.

होटगी रस्त्यावरच्या या गॅरेजात त्याची एकतीस वर्षं गेली होती. आता वाकलं की कंबर धरायची. डोक्यावरचा पत्रा तापला होता. काही नाही म्हणून पुन्हा सांगावं आणि मोकळं व्हावं, एवढंच त्याच्या मनात होतं.

मॅडम होटगीपलीकडच्या शाळेत शिकवायच्या. आज त्यांनी नुसतं शेजारचं दार उघडून धरलं. मग बसावंच लागलं.

सरळ रस्त्यावर गाडी शहाण्यासारखी चालली. पाण्याच्या टाकीपाशी मॅडमनी ती अगदी हळू केली आणि स्टिअरिंग पार उजवीकडे फिरवलं. टण्ण. ताणलेली तार सुटावी तसा आवाज तिप्पण्णाच्या पायांखालून आला. त्यांनी पुन्हा फिरवलं. पुन्हा आला.

तिप्पण्णा उतरला. मॅडमना जागीच स्टिअरिंग फिरवत राहायला सांगून त्याने चाकामागच्या स्प्रिंगवर हात ठेवला. स्प्रिंग अडकत होती आणि ताण वाढला की झटक्यात उडत होती. शॉकअपच्या डोक्यावरचं माउंटिंग, ज्याच्यावर हे सगळं फिरतं, तेच गेलं होतं. जॅकवर चाकावर भारच नसतो, मग आवाज येणार कुठून?

आणि मग त्याला ती संध्याकाळ आठवली. दोन महिन्यांपूर्वी शॉकअप त्यानेच बदलले होते. नवं माउंटिंग आणायला गावात जावं लागलं असतं. अंगात त्राण नव्हतं. जुनंच पुसून बसवलं होतं त्याने.

खिडकीपाशी येऊन तो म्हणाला, "मॅडम, आवाज हाय. चूक माजीच हाय. जुना पार्ट मीच परत घातला."

मॅडमनी गाडी बंद केली. त्यांचे यजमान म्हणत होते, तुझ्याच कानात काहीतरी झालंय, डॉक्टरला दाखव. आठ दिवसांपूर्वी त्या खरंच कान तपासून आल्या होत्या. हे त्यांनी थकलेल्या आवाजात सांगितलं आणि फोन लावून त्याच्या हातात दिला. "हेच ह्यांना सांगा."

तिप्पण्णाने फोन कानाला लावला. एकतीस वर्षांत असं कुणी बोलायला लावलं नव्हतं. "साहेब, गॅरेजवाला तिप्पण्णा बोलतोय. आवाज होता. मॅडमचं खरं होतं, मलाच कळलं न्हाय."

पलीकडून बरं, बरं, एवढंच आलं.

परत गॅरेजवर आल्यावर तो स्वतः स्कूटर काढून गावात गेला आणि दोन्ही बाजूंची माउंटिंगं घेऊन आला. काम संपायला चार वाजले. मॅडम बाकावर बसल्या बसल्या झोपी गेल्या होत्या. त्यांना उठवायचं त्याच्या जिवावर आलं, म्हणून टाकीपर्यंत गाडी तो एकटाच घेऊन गेला, चार वेळा वळवून आला, आणि मग किल्ली हातात घेऊन त्या जाग्या व्हायची वाट बघत पायरीवर बसला.