शंभरातले बासष्ट दाणे

"हा बारदाना काऊन ठेवला अजून? सारा पायातच येते," असं पुटपुटत गोदाबाईंनी मला कोठीच्या कोपऱ्यातून ओढलं आणि झटकलं. धुळीने त्यांनाच शिंका आल्या. त्याचाही दोष माझ्यावरच आला.

मित्रांनो, तो बारदाना म्हणजे मी. मी एक जुनी गोणी आहे. जन्म दूर बंगालातला, तागाच्या गिरणीतला. गव्हाने भरून धामणगावच्या बाजारात उतरले आणि गोदाबाईंच्या मुलाच्या, सहदेवरावांच्या, बैलबंडीत बसून या गावी आले. तेव्हा अंगावर निळी पट्टी होती, पोटात क्विंटलभर माल घेऊन ताठ उभी राहायचे. गहू संपला, तूर आली, मग सोयाबीन. एके वर्षी उंदरांनी माझा कोपरा कुरतडला. सहदेवरावांच्या बायकोने, सीमाबाईंनी, दोनदा टाके घातले. तिसऱ्यांदा शिवण उसवून मला सपाट करून टाकलं. पोट गेलेल्या गोणीला कोण विचारतं? काही महिने मी मोरीपुढे पायपुसणं होते. त्या दिवसांबद्दल न बोललेलं बरं.

पण वर्षातून एकदा, मे महिन्यात, मला मान मिळतो. घरचं बियाणं उगवेल की नाही हे पेरणीआधी पाहून घ्यावं लागतं. मग सहदेवराव मला भिजवून सावलीत पसरतात. माझ्यावर सोयाबीनचे शंभर दाणे मांडले जातात, दहा-दहाच्या दहा ओळी. मला गुंडाळून ठेवायचं, रोज पाणी शिंपडायचं आणि सातव्या दिवशी उघडून मोजायचं. असे नऊ निकाल माझ्या अंगावर लागले आहेत.

दाणे मांडायचं काम आचलचं, म्हणजे सहदेवरावांच्या मुलीचं. तिची ओळ कधी वाकडी जात नाही. यंदाही तिनेच मांडले. तिच्या बोटांच्या कडांना कापसाच्या बोंडांचे जुने ओरखडे होते, पण घरात कोणी त्या बोटांकडे बघत नसे. आणि यंदा दाणे ओसरीवर नाही, कोठीत मांडले, दार लोटून. कारण आचल गावात नव्हतीच. ती मूर्तिजापूरला मामाकडे गेली होती.

म्हणजे गोदाबाईंनी गावाला तसं सांगितलं होतं. दहावीचा निकाल लागला, आचल गणितात राहिली, शंभरात सत्तावीस, आणि त्याच संध्याकाळी आजीने नातीला घरातल्या घरात मूर्तिजापूरला पाठवून दिलं. ओसरीवर कोणाची चाहूल लागली की मूर्तिजापूरला गेलेली ही मुलगी कोठीत येऊन माझ्याशेजारी गुडघ्यात मान घालून बसायची. बाहेर आजी पाहुण्यांना सांगायची की मामाने फार आग्रह केला.

शाळेतून निरोप आला होता. पुरवणी परीक्षेचा फॉर्म शनिवारपर्यंत भरायचा, मुलीने स्वतः येऊन सही करायची. आता मूर्तिजापूरला असलेली मुलगी भर बाजारातून शाळेत जाणार कशी? सीमाबाईंनी दोनदा शनिवारची आठवण करून दिली. दोन्ही वेळा सासूबाईंनी भाजीत मीठ कमी असल्याचं सांगितलं. सहदेवराव उठून बैलांना पाणी दाखवायला गेले. बैल नुकतेच पाणी पिऊन बसले होते.

आचलला सगळं ऐकू येत होतं. तिची चुलत बहीण मैना दोन वर्षांपूर्वी अशीच राहिली होती. पुढच्या वर्षी बघू, असं म्हणता म्हणता शाळा मागे पडली. आता ती नांदगाव पेठच्या कापड कारखान्यात जाते. गणिताचं पुस्तक तिने वाण्याकडे पुड्या बांधायला दिलं. आचलने आपलं पुस्तक माझ्या घडीखाली लपवून ठेवलं होतं. त्याचा एक कोपरा माझ्या पाण्याने भिजला.

रोज ती माझी कड उचलून आत बघायची. पाचव्या दिवशी तिने हळूच विचारलं, "जे नाई उगवले, ते आत काय करून राहिले असतीन?"

गोणीला बोलता येत नाही. एरवी मला त्याचं काही वाटत नाही.

सातवा दिवस शुक्रवारचा होता. शेजारचे भगवंतराव निकाल पाहायला आले. त्यांनाही हेच बियाणं न्यायचं होतं. सहदेवरावांनी मला ओसरीवर आणून उलगडलं आणि कोंब मोजले.

"बासष्ट," ते म्हणाले. आवाज खाली आला नाही.

सत्तरच्या खाली आलं, आता हे फेकता काय, असं भगवंतरावांनी विचारलं.

"फेकाले काय झालं? एकरी चार-पाच किलो वाढवून पेरतो." सहदेवरावांनी न उगवलेला एक दाणा उचलून नखाने सोलला. सालीला बारीक चीर होती. "बी खराब नाई. थ्रेशर आपणच जोरात फिरवला. मार लागला याले."

भगवंतरावांनी मान हलवली. मग सहज विचारलं, की आचल दिसून नाही राहिली, तिचं काय लागलं? गोदाबाई आतूनच म्हणाल्या, "मूर्तिजापूरले हाय ते."

तेव्हा कोठीचं दार उघडलं. आचल बाहेर आली आणि माझ्यापुढे बसली. न उगवलेले दाणे एकेक करून तिने ओंजळीत घेतले.

"बाबा," ती खाली बघतच म्हणाली, "बियाण्याचा निकाल ओसरीवर सांगता. माहा काऊन लपवता?"

गोदाबाईंनी पदर सारखा केला. भगवंतराव आपल्या चपलेकडे बघत राहिले. सीमाबाई दारात उभ्या होत्या.

मित्रांनो, परीक्षा माझ्या अंगावर होते म्हणून सांगते. निकाल बघतात तो बियाणं फेकायला नाही. पेरा किती वाढवायचा, ते ठरवायला बघतात. कमी आलं तर दाणा सोलून पाहा, मार कुठे लागला ते शोधा. आणि कोणालाही अंधारात गुंडाळून ठेवू नका. गुंडाळण्याची मुदत सात दिवसांची असते. त्यापुढे उगवलेलंही सडायला लागतं.

सहदेवरावांच्या नखात तो चिरलेला दाणा तसाच होता. तो त्यांनी आचलच्या ओंजळीत ठेवला.

"भगवंतराव, पोरगी घरीच हाय," ते म्हणाले. "गणितात राहिली. उद्या मी तिच्यासंगं शाळेत जातो, फॉर्म भराले."

मग आवाज खाली आला. हे भगवंतरावांसाठी नव्हतं.

"दिवाळीनंतर वेचाले बाया भेटल्या नाई, तवा महिनाभर तिले मीच शाळेतून काढून कापसात नेलं. वर्गात भूमिती तवाच शिकवली."