दाजींची बेरीज

माझ्या थापा मोजायला दोन्ही हातांची बोटं पुरत नाहीत, असं माझी बहीण म्हणते. पण ही गोष्ट तिच्याच नवऱ्याची आहे, आणि फरशी अजून जागेवर आहे. खोटं वाटलं तर टेप घेऊन जा.

दाजी आणि मी फरश्या बसवायचो. मी मापं ओरडून सांगायचो, दाजींनी मनातल्या मनात हिशोब करून माल मागवायचा. जुन्या मिस्त्रीला रामराम ठोकून दाजींनी घेतलेलं हे पहिलंच काम, डॉक्टरीणबाईंचा दवाखाना. बाईंना सगळीकडे एकच निळी फरशी हवी होती, आणि ती भाजणारी भट्टी आमचा माल देऊन कायमची बंद झाली. फरशी कमी पडली, की दाजी मान खाली घालून पुन्हा मिस्त्रीच्या दारात.

औषधांची खोली दोन मीटर बाय दोन. झाली. बसायची जागा तीन बाय दीड. तीही झाली. बोळाला हात घालताना मी सहज विचारलं, "दाजी, हिशोब कसा करता हो?"

"कसा म्हणजे? लांबीत रुंदी मिळवायची."

माझ्या हातातली थापी गळून पडली. "अहो, मिळवायची नाही, गुणायची!"

दाजी चुन्यासारखे पांढरे पडले. "मिस्त्री हिशोब कुणाला दाखवायचा नाही. मला वाटलं, असाच असेल. पण मग त्या दोन खोल्या कशा जमल्या?"

दोन नि दोन चार, दोन दुणे चार. तीन नि दीड साडेचार, तीनची दीडपट साडेचार. पण बोळ सहा मीटर लांब, एक मीटर वीस सेंटिमीटर रुंद. बेरीज सात पॉइंट दोन.

दाजींनी वाळूवर बोटानं गुणाकार केला. पुसला. पुन्हा केला. मग देवळात काढावी तशी टोपी काढली.

"मेव्हणे, सात पॉइंट दोन."

मी थापी उचलली, नि आम्ही बोळ धरला. शेवटची फरशी टेबलात खण सरकावा तशी बसली. मुंगीला उभं राहायला फट नाही, कापलेल्या फरशीचा एक तुकडा उरला नाही.

दाजी तिथंच उकिडवे बसून वाळूत बोट फिरवत राहिले. "बोळ अकरा मीटर असता, तर बेरीज नि गुणाकार जुळायला रुंदी एक मीटर दहा सेंटिमीटर. एकशे एक असता, तर एक मीटर एक सेंटिमीटर."

"आणखी लांब असता तर?"

"पार आभाळाला टेकला, तरी रुंदी मीटरच्या वर केसभर राहणारच. केस बारीक होत जाईल, संपणार नाही."

आम्ही दोघं त्या निळ्या बोळाकडे बघत राहिलो. पलीकडचं दार मला हळूच लांब सरकल्यासारखं वाटलं. वाटलं काय, सरकलंच.

डॉक्टरीणबाईंनी कोपरा न् कोपरा बघितला आणि म्हणाल्या, "आता घरचा हॉलही तुम्हीच करा. पाच बाय चार. किती लागेल?"

दाजींच्या ओठांवर 'नऊ' आलेलं मला दिसलं. मी त्यांच्या पायावर पाय दिला.

"वीस!" दाजी कळवळून ओरडले. मग खालच्या आवाजात, अगदी काकुळतीला येऊन म्हणाले, "बाई, रुंदी सव्वा मीटरवर नाही का आणता येणार?"