आतल्या बाजूचं स्टिकर

"मामाजी, पाहा, पुन्हा आलं," रक्षा सासऱ्यांना म्हणाली आणि मांडीवरच्या सुरभीची मूठ की-बोर्डवरून सोडवली.

पडद्यावर लाल चौकटीत इंग्रजी ओळी होत्या. तिनं त्या मराठीत सांगितल्या. हा मंच छंद म्हणून इलेक्ट्रॉनिक्स करणाऱ्यांचा आहे. उत्तराखाली दुकानाचं नाव, पत्ता, फोन टाकून जाहिरात करू नये. ही दुसरी ताकीद. तिसऱ्यांदा खातं बंद.

"जायरात?" तानबा स्टुलावरून पुढे वाकले. "मी काय इकून राह्यलो वं त्याइले?"

इंटरनेट कॅफेचा मालक निकेश काउंटरवरून हसला. "काकाजी, तुमी हर उत्तराखाली लग्नपत्रिकेवानी पत्ता टाकता. 'आपले नम्र' तेवढं राह्यलं."

"तुया घरचा टीव्ही सुधरवला तवा तं नाई हासला बे!"

तानबांचं तरी काय चुकलं होतं? सेलूच्या बाजार चौकात तीस वर्षं त्यांनी आधी रेडिओ, मग टीव्ही दुरुस्त केले. दुरुस्त झालेल्या प्रत्येक सेटच्या झाकणाला आतून एक पिवळं स्टिकर लागायचं. दुकानाचं नाव, फोन, आणि बॉलपेननं तारीख व बदललेला पार्ट. बाहेरून कधीच नाही. बाहेर कंपनीचं नाव असतं, ते म्हणायचे. आत ज्यानं सोल्डरिंगचा डाग दिला त्याचं. उद्या बिघडलं तर पुढच्या मेकॅनिकनं कोणाला विचारायचं?

तीच रीत त्यांनी इंटरनेटवर नेली. ते बोलायचे, रक्षा इंग्रजी करायची. आष्टीहून बी.एस्सी. होऊन आलेली ही सून लग्नानंतर वर्षभरात डाग द्यायला शिकली होती, तोही असा चकचकीत की तानबा गिऱ्हाइकाला भिंग लावून दाखवायचे. दुपारी सासूबाई झोपल्या की सुरभीला कडेवर घेऊन ती कॅफेत यायची. तो तास तिचा होता. कोणी कोल्हापूरहून विचारायचं, कोणी केरळहून, आणि सेलूतल्या एका स्टुलावरून उत्तर जायचं. सहा महिन्यांत बेचाळीस उत्तरं गेली. एकही परत आलं नव्हतं. ते खातं बंद होऊन चालणार नव्हतं.

"नाव काढून टाकतो ना मामाजी. उत्तर तं राहीन."

"बिननावाचं? मंग थे कोणाचं?"

तिनं शेवटचं, बेचाळिसावं उत्तर उघडलं. गुरुवारचं. केरळचे एक शाळामास्तर आपला जुना टीव्ही रविवारी स्वतः उघडणार होते. कोणता कपॅसिटर बदलायचा, ते तानबांनी नीट सांगितलं होतं. रक्षा वाचत गेली आणि मधेच थांबली.

"मामाजी, किती व्होल्टचा सांगितला होता तुमी?"

"एकशे साठ. काऊन?"

पडद्यावर सोळा होतं. गुरुवारी सुरभीनं वेणी ओढली होती, तेव्हाच बोट घसरलं असणार. एकशे साठच्या जागी सोळाचा बसला तर सेट चालू करताच फटाक्यासारखा फुटतो. आणि माणूस त्या वेळी वाकूनच पाहत असतो.

आज शनिवार.

"माह्या हातून झालं," ती म्हणाली. "आत्ता बदलतो. आकडाच तं टाकाचा आहे. कोणाले समजनबी नाई."

"अन् त्यानं गुरुवारीच कागदावर उतरवून घेतलं असंन तं?"

रक्षाचं बोट की-बोर्डवरून मागे आलं.

"खाली नवीन लिव. मोठ्या अक्षरात. सोळा चूक हाये, एकशे साठ पायजे, सेट चालू करू नोको. चूक माही हाये."

"तुमची कुठं? टाइप मी केलं."

"दुकान कोणाचं हाये?"

"तुमचं."

"मंग?" त्यांनी सुरभीला आपल्याकडे घेतलं. तिनं लगेच त्यांचा चष्मा धरला. "आता आयक. थे एक्केचाळीस बरोबर आहेत ना? त्याच्यावरचं नाव काढून टाक सारं. त्याइची रीत त्याइच्या घरी. अन् या चुकीवर पूरं नाव टाक. पत्ता, फोन, सारं."

"खातं बंद करतीन मामाजी. तिसरी खेप हाये."

"करू दे ना. चुकीची जायरात कोणी करते का, एवढं तं समजन त्याइले."

रक्षानं एकेक उत्तर उघडून नाव पुसलं, एक्केचाळीस वेळा. मग बेचाळिसाव्याखाली आकडा तीनदा तपासून लिहिलं आणि शेवटी तो पत्ता, एकही अक्षर न गाळता.

सोमवारी ती सासूबाई झोपायच्या आधीच कॅफेत पोचली. खातं उघडलं! लाल चौकट नव्हती. मास्तरांची रविवारची एक ओळ होती: सोळाचा आणून ठेवला होता, आज बदलून आणला, चित्र छान येतं. त्याखाली मंचाच्या चालकांनी लिहिलं होतं, हा पत्ता राहू द्यावा.

*

तानबांना जाऊन आता दोन वर्षं झाली. दुकान रक्षा चालवते. दुकानात कॉम्प्युटर आला आहे. परवा सुरभी शाळेत गेल्यावर तिनं सहज त्यावर त्यांचं नाव टाकून पाहिलं. एक्केचाळीस बरोबर उत्तरं कुठंतरी आहेत, लोक अजून वाचतही असतील. पण नावानं एकच पान निघालं. चूक माझी आहे. तानबा, बाजार चौक, सेलू. पुढे जुना फोन नंबर, जो आता लागत नाही.

तिनं पान मिटलं आणि टेबलावरच्या टीव्हीचं झाकण काढलं. आत पिवळं स्टिकर होतं, कडा तपकिरी झालेल्या. १२-३-९७, त्यांचंच तिरपं अक्षर. खाली जागा होती. रक्षानं काम उरकलं, आपलं स्टिकर घेतलं, तारीख आणि पार्ट लिहिला, आणि त्यांच्या स्टिकरखाली लावून अंगठ्यानं थोडा वेळ दाबून धरलं.